आठपैकी पाच बुडाले तरी

टीम ब्रिजचा सामना संपतो, दोन्ही टेबलांवरचे चौघे आपापली स्कोअरकार्डे घेऊन एकत्र बसतात, आणि थोड्याच वेळात कुणीतरी भिडूला विचारतो, ‘तू बोललासच कशाला?’ डाव बुडालेला असतो म्हणून हा प्रश्न येतो. तोच डाव झाला असता तर पाठीवर थाप पडली असती. पाने तीच, माहिती तीच, बोली तीच. एक राजा डावीकडे निघाला की उजवीकडे, एवढ्यावर माणूस शहाणा ठरतो किंवा मूर्ख. या एका सवयीने आपल्याकडच्या ब्रिजचे जेवढे नुकसान झाले तेवढे जागेच्या किंवा पुस्तकांच्या टंचाईनेही झाले नसेल, असे माझे ठाम मत आहे. बोली लावताना जे माहीत होते आणि जे माहीत होऊ शकत होते, त्यावरच ती बोली तोलली पाहिजे. हा तोल शिकवणारा टीम ब्रिजइतका चांगला खेळ मला दुसरा ठाऊक नाही, आणि म्हणूनच त्याच्या टेबलावर निकाल पाहून न्याय देणे मला सहन होत नाही.

आपण घरोघर मेंढीकोट, जजमेंट, पाच-तीन-दोन खेळत वाढलो. त्या खेळांत चांगली पाने आली की माणूस जिंकतो आणि वाईट आली की हरतो, आणि ‘आज पानच येत नाही’ ही तक्रार रास्त असते. टीम ब्रिजमध्ये ती तक्रार उरत नाही. एका संघाची एक जोडी ओपन रूममध्ये उत्तर-दक्षिण बसते, दुसरी क्लोज्ड रूममध्ये पूर्व-पश्चिम. पत्ते बोर्डात घालून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. तुमच्याकडे आलेली तेरा पाने दुसऱ्या टेबलावर प्रतिस्पर्ध्याकडे येतात. तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची पाने तुमच्याच संघातल्या दोघांकडे. वाटपाचे नशीब असे दोन्ही पारड्यांत सारखे पडते. मग उरतो तो निर्णय: त्यांनी तीनवर थांबायचे ठरवले, आपण चार बोललो, त्यांनी सोडून दिले, आपण डबल केले, म्हणजे पण वाढवला. दोन्ही टेबलांवरच्या गुणांचा फरक काढायचा आणि तो एका तक्त्यावरून इम्प या सामन्याच्या गुणांत बदलायचा, एवढा हिशेब.

वागळे इस्टेटीत ज्याचा गाळा आहे त्याला या गोष्टीचे मोल लवकर कळावे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले आणि राज्यातल्या औद्योगिक वसाहतींची गोष्ट ठाण्याच्या या वसाहतीपासून सुरू झाली. रस्त्यांना अजून नंबर आहेत, नावे नाहीत. आयटी पार्क आले, पासपोर्ट कार्यालय आले, तरी लेथ आणि प्रेस चालवणारे गाळेही टिकून आहेत. अशा गाळ्यावर मोठ्या कंपनीचे ड्रॉइंग येते आणि कोटेशन मागितले जाते. मालक पोलादाचा भाव, कामगाराचे तास, रिजेक्शनचा धोका धरून एक आकडा लिहितो. शेजारच्या दोघा-तिघांनीही लिहिलेला असतो. काम मिळाले आणि दोन महिन्यांनी पोलाद महागले की घरचे म्हणतात, एवढ्या कमी भावात घेतलेच कशाला? काम मिळाले नाही की तेच घरचे म्हणतात, थोडे कमी लिहायला काय झाले होते? त्याने त्या दिवशी योग्य आकडा लिहिला होता की नाही, हे त्याला कधीच नीट कळत नाही. तीच परिस्थिती, तेच ड्रॉइंग, तोच दिवस पुन्हा मांडून दुसरा माणूस काय करतो हे पाहण्याची सोय धंद्यात नाही. टीम ब्रिजमध्ये ती सोय प्रत्येक बोर्डावर आहे. एवढी दुर्मीळ सोय हाती असताना आपण तिचा उपयोग एकमेकांवर डाफरण्यासाठी करतो, याचे मला वाईट वाटते.

आता हिशेबाकडे वळू. ज्यांना ब्रिज येत नाही त्यांनीही हा भाग सोडू नये, कारण यात बेरीज-वजाबाकीपलीकडे काही नाही.

समजा, तुम्ही व्हल्नरेबल आहात, म्हणजे बक्षीसही मोठे आणि दंडही मोठा. इस्पिक हुकूम आहे. नऊ हात नक्की दिसतात, दहावा एका पानाच्या जागेवर अवलंबून आहे. तीन इस्पिकवर (नऊ हात) थांबायचे की चार (दहा हात) बोलून गेम, म्हणजे मोठे बक्षीस, घ्यायचा? दुसऱ्या टेबलावर ते तीनवर थांबले असे धरा. तुम्ही चार बोललात आणि दहा हात झाले, तर तुमचे ६२०, त्यांचे १७०. फरक ४५०, म्हणजे १० इम्प. दहावा हात झाला नाही तर तुमचे वजा १००, त्यांचे १४०. फरक २४०, म्हणजे ६ इम्प. दहा मिळवायला सहा पणाला लावायचे आहेत. सोळापैकी सहा, म्हणजे साडेसदतीस टक्के शक्यता असली की सौदा बरोबरीचा.

याचा अर्थ नीट समजून घ्या. असे आठ गेम बोललात, त्यांतले तीन झाले आणि पाच बुडाले, तर तीनदा दहा म्हणजे तीस आणि पाचदा सहा म्हणजेही तीस. आठपैकी पाच बुडूनही तुमचे काही गेलेले नाही. शक्यता चाळीस टक्क्यांवर असेल तर तुम्ही नफ्यात आहात, पण तरीही यशापेक्षा अपयश जास्त वेळा दिसणार आहे. योग्य बोली लावणारा खेळाडू अनेकदा बुडणारच. त्याला दर बुडीत डावामागे ‘कशाला बोललास’ ऐकावे लागले, तर महिन्याभरात तो तीनवर थांबायला शिकेल. मग त्याला कुणी काही म्हणणार नाही, कारण न बोललेला गेम स्कोअरकार्डावर बुडालेला दिसत नाही. १७० लिहिलेले दिसते, पुढे अधिक चिन्ह असते, सगळे समाधानी. ते १० इम्प गेले कुठे, हे कुणी विचारत नाही.

व्हल्नरेबल नसताना हाच हिशेब बदलतो. झाला तर ४२० विरुद्ध १७०, फरक २५०, ६ इम्प. बुडाला तर वजा ५० विरुद्ध १४०, फरक १९०, ५ इम्प. अकरापैकी पाच, म्हणजे सुमारे पंचेचाळीस टक्के लागतात. एका फिनेसवर, म्हणजे एखादा राजा सोयीच्या बाजूला असण्यावर गेम अवलंबून असेल तर शक्यता पन्नास टक्के. दोन्ही स्थितींत बोला. समोरच्यांकडची सहा पाने तीन-तीन अशी समान वाटली जाण्यावरच सगळे टेकलेले असेल तर शक्यता छत्तीसच्या आत-बाहेर. तिथे व्हल्नरेबल असतानाही जरा हात आखडलेला बरा. अर्थात समोरचे लोक नेहमी अचूक बचाव करत नाहीत, पहिली उतारी चुकते, आणि त्यामुळे टेबलावर गेम कागदापेक्षा थोडे जास्तच होतात. उलट पाने फार वाईट वाटली गेली तर डबल होऊन दोन हातांनीही बुडतो. या दोन गोष्टी साधारण एकमेकींना खाऊन टाकतात, असे मी धरून चालतो.

इथवर प्रतिस्पर्धी गप्प होते. खरी परीक्षा दोन्ही बाजू बोलू लागल्यावर होते, आणि टीम सामन्यांचे निकाल बहुतेक तिथेच लागतात. आपल्याकडच्या क्लबांत पेअर्सची, म्हणजे प्रत्येक जोडीने स्वतंत्र खेळण्याची, सवय जास्त असते. पेअर्समध्ये किती गुणांनी पुढे गेलात याला महत्त्व नसते. शेजारच्या टेबलापेक्षा दहा गुण जास्त मिळाले तरी पूर्ण फायदा. ती सवय घेऊन टीममध्ये आलेला खेळाडू ‘६२० देण्यापेक्षा ५०० देऊ’ म्हणून सॅक्रिफाइस करतो, म्हणजे बुडणार हे ठाऊक असून वरची बोली लावतो, आणि आपण काही मोठे वाचवले असे त्याला वाटते. किती वाचवले ते पाहू.

प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल, आपण नाही. भिडूने तीन चौकटने सुरुवात केली, म्हणजे पाने हलकी पण चौकटीची सात. उजवीकडून आणि डावीकडून बोली होत होत चार इस्पिक आले. त्यांच्याकडे मिळून इस्पिकची नऊ पाने आहेत असे बोलीवरून दिसते. आता पाच चौकट बोलायचे का? समजा दुसऱ्या टेबलावर चार इस्पिकच खेळले गेले. इथे फ्रान्सच्या ज्याँ-रने व्हेर्न यांचा नियम उपयोगी पडतो. त्यांनी १९६९ मध्ये ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकात मांडले की दोन्ही बाजूंनी आपापल्या हुकमात खेळल्यास मिळणाऱ्या हातांची बेरीज ही दोन्ही बाजूंच्या हुकमाच्या पानांच्या बेरजेइतकी असते. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेच्या लॅरी कोहेन यांच्या पुस्तकाने हा नियम जगभर पोचवला.

तुमच्याकडे चौकटीची दोनच पाने असतील तर आपली नऊ, त्यांची नऊ, बेरीज अठरा. त्यांचे दहा हात होत असतील तर आपले आठ. पाच चौकट डबल होऊन तीन हातांनी बुडते, आपण ५०० देतो, ६२० वाचवतो, फायदा फक्त ३ इम्प. पण त्यांचे नऊच होत असतील, म्हणजे चार इस्पिक बुडत असेल, तर आपले नऊ होतात; आपण ३०० देतो आणि मिळणारे १००ही घालवतो. नुकसान ९ इम्प. तीन मिळवायला नऊ पणाला. समोरचा गेम चारपैकी तीनदा होणार अशी खात्री असेल तरच बरोबरी. जो भिडू अशा ठिकाणी ‘स्वस्तात सुटलो’ म्हणतो त्याला मी पुन्हा आकडे मांडायला सांगेन.

आता तुमच्याकडे चौकटीची तीन पाने आहेत असे धरा. बेरीज एकोणीस. त्यांचे दहा तर आपले नऊ. ३०० देऊन ६२० वाचतात, ८ इम्प. त्यांचे नऊ तर आपले दहा. १०० देतो, १०० घालवतो, ५ इम्प. आठसाठी पाच. चित्र पार पालटले. आणि चौथे पान असेल तर बेरीज वीस. त्यांचे दहा तर आपलेही दहा; १०० देऊन ६२० वाचवले, ११ इम्प. त्यांचे नऊ तर आपले अकरा, म्हणजे आपलाच डाव डबलसह झाला, ५५०, १० इम्प. दोन्हीकडून फायदा. कसलीही खात्री नको, कसलाही अंदाज नको, बोलायचेच.

एका पानाने निर्णय इतका फिरतो. या ठिकाणी मी थोडा जास्त रेंगाळतो आहे, कारण मला या खेळाचे जे सौंदर्य वाटते ते इथे आहे. चौकटीची दुर्री घ्या, तिच्याने कधी हात होत नाही, पण ती तुमच्याकडे चौथी म्हणून आली की तुमच्या संघाचे उत्तर बदलते. एक्के-राजे मोजण्याची सवय लागलेल्या खेळाडूला ही दुर्री दिसतच नाही.

व्हेर्न यांचा नियम देववाणी नाही. २००४ मध्ये माइक लॉरेन्स आणि स्वीडनचे अँडर्स विर्ग्रेन यांनी अख्खे पुस्तक लिहून तो किती वेळा चुकतो ते दाखवले. हातांची संख्या हुकमाच्या पानांपेक्षा छोट्या रंगांवर आणि मोठी पाने कुठे पडली आहेत यांवर जास्त अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे. मला दोन्ही बाजू पटतात. नियम एका हाताने इकडेतिकडे होतो हे खरे. पण बोलीच्या त्या अर्ध्या मिनिटात ज्याच्याकडे काहीच मोजमाप नाही त्याच्यापेक्षा, थोडे चुकणारे मोजमाप असलेला माणूस बरा निर्णय घेतो. हुकमाबाहेर एक्का-राजा असतील तर बचावाकडे झुका, हुकमाबाहेर एकच पान असलेला रंग असेल तर बोलीकडे झुका. अशी दुरुस्ती अनुभवाने करता येते.

डबलचा हिशेब तर याहून कडक आहे. प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल नाहीत, तीन इस्पिक बोलले आहेत, तुम्हाला वाटते एक हात बुडेल. डबल केले आणि बुडाले तर ५० ऐवजी १०० मिळतात, फायदा २ इम्प. डबल केले आणि झाले तर १४० ऐवजी ५३० द्यावे लागतात, नुकसान ९ इम्प. दोनसाठी नऊ! रागाने किंवा ‘किती बोलतात बघू’ या हट्टाने केलेल्या अशा डबलने सामने जातात. छोट्या डावांत डबलपेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट म्हणजे जिथे दोन्ही बाजूंचे डाव होतात तिथे गप्प न बसणे. त्यांचे दोन बदाम होत असतील आणि आपले दोन इस्पिकही, तर दोन्ही टेबलांवर आपल्या संघाला ११० मिळून २२० होतात, ६ इम्प. अशा डावांकडे कुणाचे लक्षही जात नाही. स्लॅमवर, म्हणजे बारा-तेरा हातांच्या बोलीवर, तासभर चर्चा होते. दोन इस्पिकवर एक वाक्यही नाही.

निकाल आणि निर्णय यांची फारकत किती असू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण १९७५ च्या बर्म्युडा बोल या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतले आहे. इटली विरुद्ध उत्तर अमेरिका, अंतिम सामना, ९२ वा बोर्ड. इटलीचे बेलादोन्ना आणि गारोत्सो सात किलवरपर्यंत पोचले, आणि हुकमाचा राजाच बाहेर. राजा सोयीच्या बाजूला हवा, आणि तोही दोनच पानांत असावा. अमेरिकेच्या एडी कँटर यांच्या हातात बरोबर किलवरचा राजा आणि दश्शी होती, आणि ते नेमके सोयीच्या बाजूला बसले होते. डाव झाला. दुसऱ्या टेबलावर अमेरिकनांनी सहा बिनहुकमीवर थांबून १४४० घेतले होते. इटलीला २१४० मिळाले, १२ इम्पचा फायदा. बुडाला असता तर १७ इम्पचे नुकसान. इटलीने सामना २६ इम्पने जिंकला. एकोणतीस इम्पचा हा झोका उलटा पडता तर तीन इम्पने हरली असती. बारा मिळवण्यासाठी सतरा पणाला लावले तर सुमारे एकोणसाठ टक्के शक्यता हवी. तिथे फिनेसच मुळी पन्नास टक्क्यांचा, त्यावर राजाच्या सोबत एकच पान असण्याची अट. अमेरिकनांची बोली बरोबर होती. त्यांनी जगज्जेतेपद गमावले. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दुसऱ्याने पहिले खोटे ठरत नाही. ब्रिजच्या इतिहासात त्या सात किलवरचे कौतुक फार झाले; सहा बिनहुकमीवर थांबणाऱ्यांचे पुरेसे झाले असे मला वाटत नाही.

त्याच स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडली. इटलीच्या फाक्कीनी आणि झुक्केल्ली या जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप झाला. भिडू एकमेकांना दिसू नयेत म्हणून टेबलावर तिरपा पडदा लावण्याची पद्धत त्याच स्पर्धेत पहिल्यांदा वापरली जात होती. या प्रकरणानंतर टेबलाखालीही आडोसा केला गेला. आपल्या गावच्या क्लबात कुणी पायाने खुणा करत नाही. पण एक दुसरी खूण सर्रास चालते, आणि चुरशीच्या बोलीत ती सर्वांत जास्त विष कालवते. समोरून चार इस्पिक आले. भिडू हातातल्या पानांकडे पाहतो, छताकडे पाहतो, एकदा बिडिंग बॉक्सकडे हात नेतो, परत घेतो, आणि शेवटी पास करतो. तुमच्यावर बोली येते. तुम्हाला कळलेले आहे की त्याच्याकडे काहीतरी आहे. तुम्ही पाच चौकट बोलता आणि ते होते.

हा विजय नाही. नियमपुस्तक या बाबतीत स्पष्ट आहे: भिडूच्या बोलीतून आणि पानांतून जे कळते तेच वापरायचे, त्याच्या थांबण्यातून, सुस्काऱ्यातून, पान आपटण्यातून जे कळते ते वापरायचे नाही. एवढेच नव्हे, तर त्या थांबण्याने ज्या पर्यायाकडे बोट दाखवले, तो पर्याय दुसरा योग्य पर्याय असताना निवडायचा नाही. ‘मी तसाही बोलणारच होतो’ हे उत्तर मी फार ऐकले आहे. बोलणारच होता तर ते तुमच्या पानांवरून सिद्ध व्हायला हवे. अशा वेळी डायरेक्टरला बोलावले तर आपल्याकडे लोक दुखावतात. घरच्या माणसावर चोरीचा आळ घेतल्यासारखे वागतात. मला वाटते, ओळखीच्या लोकांच्या क्लबातच डायरेक्टरला शांतपणे, न चिडता, रोज बोलावले गेले पाहिजे. नाहीतर वर मांडलेला सगळा हिशेब व्यर्थ आहे. शक्यता मोजायची कशाला, भिडूच्या चेहऱ्यावर उत्तर वाचता येत असेल तर?

आणि भिडूवरचा विश्वास या हिशेबाच्या मुळाशी आहे. मघाच्या उदाहरणात तुम्ही चौकटीची सात पाने धरून मोजणी केली, कारण तीन चौकट बोलणाऱ्याने सात पानांचे वचन दिले होते. त्याने लहर म्हणून सहाच पानांवर ती बोली लावली असेल, तर तुमची वीसची बेरीज एकोणीस होते, एकोणीसची अठरा होते, आणि आठसाठी पाचचा चांगला सौदा तीनसाठी नऊचा होऊन बसतो. चूक त्याची, बुडीत डावावर नाव तुमचे. म्हणून टीममध्ये चमकदार खेळाडूपेक्षा मला दिलेली बोली पाळणारा भिडू हवा असतो. चमक एखाद्या बोर्डावर दिसते; वचन प्रत्येक बोर्डावर लागते.

एवढा हिशेब आणि एवढा विश्वास लागत असूनही पत्ते म्हणजे जुगार, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा कौशल्याच्या खेळांना लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवताना तिच्यातल्या योगायोगाची तुलना ब्रिजच्या वाटपातल्या योगायोगाशी केली होती, म्हणजे ब्रिजबद्दल शंका धरलीच नव्हती. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदा पदकांसाठी खेळले गेले. प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचे सुवर्ण आणले, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. पुरुष संघाला आणि मिश्र संघाला कांस्य मिळाले. पुढच्या, हांगझोऊच्या खेळांत, २०२३ च्या ऑक्टोबरात, मुंबईचे जग्गी शिवदासानी ज्या पुरुष संघात होते त्याने रौप्य जिंकले. त्या बातम्यांवर आपल्याकडे दोन दिवस कौतुक झाले, त्याहून जास्त दिवस ‘पत्ते खेळून पदक?’ असे विनोद झाले. त्या विनोदांनी मला त्रास झाला. साठाव्या वर्षी ज्या खेळात माणूस देशासाठी सुवर्ण आणू शकतो, तो खेळ निवृत्तीनंतरच्या वेळकाढूपणात टाकून देणारा समाज स्वतःच्या म्हाताऱ्यांनाही कमी लेखतो आणि तरुणांनाही.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात पत्त्यांची आवड नव्याने रुजवावी लागणार नाही. लोकलच्या डब्यात गुडघ्यावर बॅग ठेवून खेळणारे गट साऱ्या मध्य रेल्वेने पाहिले आहेत. मिनिटात पाने वाटणारे, कुणाचा हुकूम कधी संपला हे लक्षात ठेवणारे. या लोकांना ब्रिज अवघड नाही. त्यांना कुणी दोन टेबले, आठ खुर्च्या आणि सोळा बोर्ड दिलेले नाहीत, एवढेच. वागळे इस्टेटीतल्या कार्यालयांमध्ये कॅरम आणि टेबल टेनिसच्या स्पर्धा भरवता येतात, तर चौघांच्या संघांची एक लीगही भरवता येईल. टीम ब्रिजला हॉल लागत नाही. दोन खोल्या पुरतात. एका बोर्डाला आठ मिनिटे धरली तर सोळा बोर्ड सव्वादोन तासांत संपतात. साडेसहाला बसलेला माणूस नऊच्या आत तुलना आटोपून ठाणे स्टेशनकडे निघू शकतो. पहिल्या वर्षी बोलीची पद्धत सगळ्यांना एकच द्यावी, साधी, एका पानावर मावणारी, म्हणजे भांडण पद्धतीवरून होणार नाही.

तुलनेची रीत मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी, असा माझा आग्रह आहे. दोन्ही जोड्यांनी एकत्र बसण्याआधी, दुसऱ्या टेबलाचे आकडे ऐकण्याआधी, प्रत्येक जोडीने आपल्या कार्डावर ज्या बोर्डांवर निर्णय अवघड होता त्यांच्यापुढे एका ओळीत कारण लिहावे: ‘हुकमाची दहा पाने मोजली, म्हणून पाच बोललो’, किंवा ‘दहावा हात एका फिनेसवर, व्हल्नरेबल, म्हणून गेम’. डाव झाला की बुडाला हे त्या ओळीत लिहायचे नाही. मग आकडे वाचायचे आणि चर्चा त्या ओळीवर करायची: मोजणी बरोबर होती का, भिडूच्या बोलीवरून आणखी काही कळत होते का, पानांवरून दुसरा रस्ता दिसत होता का. ज्याची ओळ बरोबर आणि डाव बुडाला, त्याने पुढच्या आठवड्यात तीच बोली पुन्हा लावायची आणि भिडूने त्याला ती लावू द्यायची. ज्याची ओळ चूक आणि डाव झाला, त्याच्याशी चौघांनी पाच मिनिटे जास्त बसायचे, कारण त्याला सुधारायला स्कोअरकार्डाची मदत होणार नाही.